झॅकरी रिशार: गावी एकदा परतला, भाषेत दुसऱ्यांदा

ओसरी

ह्यूस्टनहून आय-टेन हायवे धरून पूर्वेला निघालं की साडेतीन तासांत लुइझियाना राज्यातलं लाफायेट येतं. त्याच्या जरा अलीकडे स्कॉट नावाचं छोटं गाव आहे. लोक तिथे बुदँ घ्यायला थांबतात. भात, डुकराचं मांस आणि मसाला आतड्याच्या नळीत भरून शिजवलेला तो प्रकार. आम्ही शाकाहारी, त्यामुळे आमच्या वाट्याला पेट्रोल, कॉफी आणि दुसऱ्यांच्या पिशव्यांचा वास. न्यू ऑर्लिन्सला जाता-येता किती वेळा तिथे थांबलो असू! पण हा धागा ज्याच्यावर काढतेय तो माणूस याच गावचा, हे फार उशिरा कळलं.

झॅकरी रिशार. स्पेलिंग आपल्या ओळखीच्या रिचर्डचंच, पण म्हणायचं रिशार. जन्म ८ सप्टेंबर १९५०. केजन गायक, गीतकार, कवी. गेली पन्नास वर्षं गातोय, तरी माझ्या ऑफिसातल्या टेक्सासच्या मंडळींनी नाव ऐकलेलं नाही. कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्विबेक प्रांतात मात्र ते घरोघरी माहीत आहे.

केजन म्हणजे कोण, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या परिसरात अकादी नावाची फ्रेंच वसाहत होती. १७५५ पासून इंग्रजांनी तिथल्या लोकांना घरंदारं जाळून, जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं. त्यातले काही फिरत फिरत लुइझियानाच्या दलदलीत पोचले. 'अकादिएं'चं 'कादिएं' झालं, इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'केजन' झालं. पुढे १९२१ मध्ये राज्याच्या नव्या घटनेने शाळेत इंग्रजीच चालेल असं ठरवलं. मुलं मैदानावर फ्रेंच बोलताना सापडली की त्यांना 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' असं ओळीने लिहायला लावत. असली शिक्षा भोगलेली मुलं मोठी झाली आणि आपल्या पोरांशी इंग्रजीत बोलायला लागली. झॅकरी त्या पोरांच्या पिढीतला. फ्रेंच होती ती आजी-आजोबांची.

न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातून १९७२ ला इतिहासाची पदवी घेतली आणि गडी थेट न्यूयॉर्कला. इलेक्ट्रा कंपनीने करार केला, 'हाय टाइम' नावाचा अल्बम रेकॉर्ड झाला. पुढे कंपनीचं विलीनीकरण वगैरे होऊन तो फडताळात पडला. बाहेर आला २००० मध्ये! पण आगाऊ मिळालेल्या पैशांतून त्याने एक केजन अकॉर्डियन घेतला. माझ्या मते त्या कराराची खरी कमाई तीच. न्यूयॉर्कला रॉक-लोकगीतवाला व्हायला गेला आणि हातात आजोबांच्या पिढीचं वाद्य घेऊन बसला.

मग बायू ड्रिफ्टर नावाचा बँड, त्यात चुलतभाऊ मायकेल दूसे फिडलवर, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनवर (यानेच १९७५ ला बोसोलेई हा बँड काढला). फ्रान्सचा दौरा. १९७६ ला मुक्काम मॉन्ट्रियलला हलवला आणि पाचेक वर्षांत फ्रेंच अल्बमांची रांगच लावली: 'बायू दे मिस्तेर', 'मार्डी ग्रा', 'मिग्रास्यों', 'आलों दांसे'. क्विबेकमध्ये तेव्हा भाषेचं राजकारण तापलेलं होतं. लांब दक्षिणेतून आलेला, अकॉर्डियन घेऊन फ्रेंच गाणारा पोरगा लोकांनी डोक्यावर घेतला.

आता मला चक्रावून टाकणारी गोष्ट. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो गावी परतला, आणि परतल्यावर बहुतांशी इंग्रजीत गायला लागला. १९८४ चा 'झॅक अटॅक', मग राउंडर कंपनीचे दोन, मग ए अँड एम या बड्या कंपनीकडून १९९० चा 'विमेन इन द रूम' आणि १९९२ चा 'स्नेक बाइट लव्ह'. वाईट नाहीत, नाचायला तर झकासच. पण भाषा मागच्या बाकावर. मग १९९४ ला कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये जगभरच्या अकादी लोकांचं पहिलं महासंमेलन भरलं. हा तिथे गेला आणि काहीतरी हललं. १९९६ ला 'काप आंराजे' आला, पूर्ण फ्रेंच, आणि कॅनडात डबल प्लॅटिनम झाला.

म्हणजे बघा, घरी आला तेव्हा भाषा सुटली. भाषेत परतला तेव्हा घरापासून जवळजवळ तीन हजार किलोमीटर लांब उभा होता. याला घरवापसी म्हणायचं का, आणि म्हणायचं तर कुठली?

नर्मदेतला_गोटा

'घरवापसी' हा शब्द तेवढा टाळा हो. चांगल्या धाग्याचा राजकीय आखाडा होईल.

बाकी इंग्रजीत गायला लागला यात चक्रावण्यासारखं काय आहे? पोट. लाफायेटच्या पबमध्ये फ्रेंच कविता कोण ऐकणार? शिवाय मी आत्ता दोन-तीन गाणी ऐकली. हे रॉक आहे, मागे अकॉर्डियन लावलंय इतकंच.

ओसरी

मान्य, 'परतणं' म्हणू.

रॉकचा आक्षेप जुनाच आहे. त्याने स्वतःला पारंपरिक केजन वादक म्हणवून घेण्याचा अट्टाहासही कधी केलेला दिसत नाही. अस्सल पारंपरिक ऐकायचं असेल तर बाल्फा बंधू ऐका. डेनिस मॅगीचं फिडल ऐका, अंगावर काटा येतो.

मॉन्ट्रियलचा_गारठा

मी इथे अकरा वर्षं आहे. लेकीच्या शिशुवर्गाच्या स्नेहसंमेलनात सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांनी एक गाणं म्हटलं होतं. झाडाला फांदी, फांदीवर घरटं, घरट्यात अंडं, असं वाढत जाणारं, दर कडव्याला मागची साखळी पुन्हा म्हणायची. मला वाटलं, शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचं लोकगीत असणार. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, 'झॅकरी रिशारचं.' 'लार्ब्र ए दां से फेय', १९७८, त्याच 'मिग्रास्यों' अल्बममधलं. धाटणी लोकगीताचीच आहे, पण इथे ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

दुसरं गाजलेलं 'त्रावाये से त्रो दूर'. हे मात्र लुइझियानाचं पारंपरिक गाणं, याने नव्याने बांधलेलं. ज्युलियां क्लेर या फ्रान्सच्या गायकानेही ते गायलं.

गोटेसाहेब, पोटाचा मुद्दा उलटा आहे. त्याचं पोट फ्रेंचवर इथे उत्तम चाललं होतं. ते सोडून तो दक्षिणेला गेला. पोटासाठी कुणी चालता धंदा बंद करत नाही.

इतिहासाचा_किडा

ओसरीताईंनी दोन ओळींत उरकलेल्या भागात थोडी भर घालतो, राहवत नाही.

५ सप्टेंबर १७५५, ग्रां-प्रे गाव. कर्नल जॉन विन्स्लोने दहा वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना आणि मुलांना चर्चमध्ये बोलावलं. दारं लावून हुकूम वाचून दाखवला: जमिनी, गुरं सरकारजमा, तुम्ही हद्दपार. लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्सचं धोरण. पुढची आठेक वर्षं हे चालू होतं. दहा हजारांहून जास्त माणसं हलवली गेली. एकेका वसाहतीत थोडी थोडी सोडली, म्हणजे पुन्हा गठ्ठा होऊ नये. फ्रेंचमध्ये याला 'ल ग्रां देरांजमां' म्हणतात, शब्दशः 'मोठी अडचण'. आपल्याकडे 'धामधूम' म्हणत, तसा सौम्य शब्द.

लुइझियानात १७६५ च्या फेब्रुवारीत सुमारे दोनशे जणांचा तांडा आला, त्याचा म्होरक्या जोसेफ ब्रुसार, टोपणनाव 'बोसोलेई'. इंग्रजांशी गनिमी काव्याने लढलेला माणूस. लुइझियानात पोचला आणि त्याच वर्षी वारला. झॅकरी स्वतःला त्याचाच वंशज सांगतो. आणि वर मायकेल दूसेच्या बँडचं नाव आलंय, ते याच पुरुषाचं.

त्यानंतर मोठी खेप १७८५ ला, फ्रान्सहून सात जहाजांतून सोळाशेच्या आसपास लोक. तोवर लुइझियाना स्पेनकडे गेलं होतं. म्हणजे फ्रेंच लोक फ्रान्स सोडून स्पेनच्या राज्यात फ्रेंच म्हणून जगायला गेले.

तंजावूर_कॉफी

वाचताना आमचीच आठवण झाली. तीनशे वर्षं तमिळ मुलखात, घरात अजून मराठी. पण पुण्याचे लोक ऐकून हसतात.

इतिहासाचा_किडा

तुलना जपून. तंजावरला मराठे राज्य करायला गेले, हे दलदलीत फेकले गेले.

तंजावूर_कॉफी

गेले ते राजे. आम्ही स्वयंपाकी. पण मुद्दा हसण्याचा होता. लुइझियानाच्या फ्रेंचला पॅरिसवाले हसतात का?

मॉन्ट्रियलचा_गारठा

पॅरिसवाले क्विबेकला हसतात, लुइझियानापर्यंत नंबर यायला वेळ लागतो. :)

पायपेटी

मी हार्मोनियमवाला, पुण्यात दुरुस्तीही करतो. हा केजन अकॉर्डियन व्हिडिओत एवढासा दिसतो, एका हातात दहाच बटणं. राज कपूरच्या गळ्यातला तो पियानो अकॉर्डियन हा नव्हे ना? दहा बटणांत गाणं कसं बसवतात?

ओसरी

नव्हे. हा डायाटोनिक. भाता दाबला की एका बटणातून एक सूर, ओढला की त्याच बटणातून दुसरा. म्हणजे दहा बटणांत वीस. पण सगळे एकाच पट्टीतले, बहुतेक वेळा सी किंवा डी. कोमल-तीव्र विसरा. वर चार खुंट्या असतात, त्या ओढल्या की सुरांचे थर वाढतात. डाव्या हाताला बासची दोन बटणं.

पूर्वी हे जर्मनीहून यायचे, मोनार्क आणि स्टर्लिंग बनावटीचे. दुसऱ्या महायुद्धात पुरवठा बंद पडला. मग लेक चार्ल्सच्या सिडनी ब्राउनने जुने उघडून, बघून, स्वतः बनवायला सुरुवात केली. नंतर युनिस गावच्या मार्क सव्वाचं नाव झालं. तिथे त्याच्या दुकानात शनिवारी सकाळी जो येईल त्याने वाजवावं अशी बैठक बसते.

पायपेटी

वा! म्हणजे भात्याची दिशा बदलली की सूर बदलतो. आता कळलं ते संगीत असं हिसके देत का चालतं. आमच्या पेटीत भाता फक्त हवा भरतो, सूर बोटांचा. इथे श्वासच गाण्याची लय ठरवतो. लांब मींडेसारखं काही शक्यच नाही, सारखं आत-बाहेर करावं लागणार. मग ते काम फिडल करत असेल.

ओसरी

अगदी. म्हणून जोडीला फिडल, कधी दोन. आणि ठेक्याला लोखंडी त्रिकोण, 'ती फेर'. गवत ओढायच्या दाताळ्याचे जुने दाते वाकवून करायचे.

काळी_माती

धागा आवडला, पण एक तक्रार. केजन केजन म्हणताना क्रिओल लोक, म्हणजे लुइझियानातले फ्रेंच बोलणारे कृष्णवर्णी, गायब झालेत. या संगीताचा पाया घालणाऱ्यांत आमेदे आर्द्वां होता, कृष्णवर्णी क्रिओल. १९२९ पासून त्याने रेकॉर्डिंग केलं, साथीला डेनिस मॅगी, गोरा. अशी जोडी त्या काळात दक्षिणेत! त्याची कहाणी तिथे सगळे सांगतात: एका नाचाच्या कार्यक्रमात गोऱ्या मुलीने घाम पुसायला रुमाल दिला, म्हणून त्याला मारहाण झाली, त्यातून तो सावरला नाही. १९४२ ला पाइनव्हिलच्या सरकारी मनोरुग्णालयात वारला. २०१८ मध्ये ओपेलूसाजवळ त्याचा पुतळा उभारला. त्याच्या सुरावटी आज केजन गाणी म्हणून वाजतात.

ओसरी

तक्रार मान्य, चूक माझीच. १९७४ च्या ज्या कार्यक्रमाबद्दल लिहायचं राहून गेलं होतं, त्याचा इथेच संबंध येतो. २६ मार्च १९७४, लाफायेटचं ब्लॅकहॅम कोलिझियम. केजन संगीताला मानवंदना. बाहेर धो धो पाऊस आणि आत १२ हजारांच्या आसपास माणसं. बाल्फा बंधू, डेनिस मॅगी, नेथन अ‍ॅबशायर, आणि झायडेको या क्रिओल नाचसंगीताचा राजा क्लिफ्टन शेनिएसुद्धा, तो क्रिओल. मुद्दाम खुर्च्या मांडल्या होत्या, नाचायला जागाच ठेवली नव्हती. ज्यावर आजवर फक्त पाय थिरकवले, ते जरा बसून ऐका. पडद्यामागे ड्युई बाल्फा आणि तेव्हा तरुण असलेला लोकसाहित्याचा अभ्यासक बॅरी अन्सले ही मंडळी होती. ड्युई पोटासाठी शाळेची बस चालवायचा, आणि १९६४ ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून आला होता. तिथे हजारोंच्या टाळ्या ऐकल्यावर त्याने ठरवलं, या टाळ्यांचा आवाज गावात पोचला पाहिजे.

मानवंदनेच्या पुढच्याच वर्षी, १९७५ ला, लाफायेटच्या याच कार्यक्रमात झॅकरीने 'रेवेय' म्हटलं. हद्दपारीवरचं गाणं, 'उठा' अशी हाक देणारं. लोक आले होते दोन घटका मजेला, आणि हा समोर झेंडा घेऊन १७५५ सांगतोय. गर्दी गोंधळली म्हणतात. मला राहून राहून वाटतं, त्याच्या मॉन्ट्रियलला जाण्यात या गोंधळाचा वाटा असावा. पुरावा नाही, माझा अंदाज.

नर्मदेतला_गोटा

हे आधी सांगायला हवं होतं. आता चित्र वेगळं दिसतं. गावात ऐकायला कोणी नाही म्हणून परगावी गेला, परगावी सगळं मिळालं तरी ते गाव आपलं नाही.

पण मग सरळ प्रश्न. गाण्यांनी भाषा वाचली का? आकडे तर घसरतच गेले असणार.

मॉन्ट्रियलचा_गारठा

आजीची भाषा म्हणून जी फ्रेंच होती ती जवळजवळ संपत आलीय, हे खरं. पण १९६८ ला सरकारने फ्रेंचसाठी कोडोफिल ही संस्था काढली आणि पुढे सगळे विषय फ्रेंचमधून शिकवणारे वर्ग सुरू झाले. झॅकरीने १९९६ ला 'आक्स्यों कादिएन' ही संघटना उभारण्यात पुढाकार घेतला, तिचा भर याच वर्गांवर. २०१८ ला लुइझियाना फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेत निरीक्षक झालं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पोआंत-ओ-शिएं इथे नवी फ्रेंच शाळा उघडली. तिथे ही भाषा टिकवली ती मूळनिवासी जमातीच्या लोकांनी, गंमत बघा.

काळी_माती

आणि त्या भागात समुद्र जमीन गिळतोय. भाषा वाचली तर गाव राहील का, हाही प्रश्न आहेच.

ओसरी

यावर त्याचा २०१२ चा 'ल फू' ऐका. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीचा स्फोट झाला, ११ कामगार गेले, तेल महिनोन्‌महिने वाहत राहिलं. तेलाने माखलेला जो पहिला पक्षी लोकांनी वाचवला तो गॅनेट, फ्रेंचमध्ये 'फू द बासां'. 'फू' म्हणजे वेडासुद्धा. हा पक्षी वीण घालतो कॅनडाच्या किनाऱ्यावर आणि हिवाळा काढतो आखातात. शेवटी हा कोणाचा पक्षी, सांगा बरं. त्याच २०१० च्या शरद ऋतूत झॅकरीला पक्षाघाताचा झटका आला होता, त्यातून उठून हा अल्बम झाला.

२०१४ ला लुइझियानाने त्याला राज्याचा पहिला फ्रेंच राजकवी नेमलं. ज्या राज्याने शाळेत ओळी लिहायला लावल्या, त्यानेच. मला वाटतं, मी वर जो प्रश्न विचारला होता त्यातलं तिसरं परतणं हे. भाषा घेऊन गावी येणं.

आजीचा_बटवा

मी या विषयातली नाही, पण वाचत होते. तुम्ही सगळे 'घर' शब्दावर अडलात. आपल्याकडे दोन शब्द आहेत की! लुइझियाना त्याचं घर आणि अकादी त्याचं आजोळ. घरी राहून जे विसरायला होतं ते आजोळी गेलं की आठवतं. तिथे कुणीतरी म्हातारं माणूस बसलेलं असतं सांगायला.

ओसरी

बटवाआजी, हे मी डायरीत लिहून ठेवलंय.

इतिहासाचा_किडा

आजोळ! मी तीन परिच्छेद खर्च केले त्याऐवजी हा एक शब्द.

हिरवी_मिरची

२०१७ च्या अल्बमचं नाव 'गोम्बो'. या शब्दाचा मूळ अर्थ भेंडी, आफ्रिकेतल्या बांटू भाषांतून आलाय. गुलामांबरोबर भेंडी आली, नाव आलं. तिथलं कालवणही याच नावाचं, गंबो: कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, तेलात खरपूस भाजलेलं पीठ आणि भातावर घ्यायचं. काळी_माती, तुमच्या तक्रारीचं उत्तर ताटातच आहे. शाकाहारी गंबोही होतो, कृती हवी असेल तर वेगळा धागा काढते.

पायपेटी

काढाच.

ओसरीताई, त्या युनिसच्या दुकानातल्या बैठकीला तुम्ही गेलात का? परक्याला बसू देतात?

ओसरी

मागच्या नोव्हेंबरात गेलो, लेकाला घेऊन. परक्याला खुर्ची सरकवून देतात. दोन फिडल, तीन अकॉर्डियन, एक गिटार, कोपऱ्यात ऐंशीच्या पुढचे एक आजोबा. एका गाण्यानंतर ते माझ्याकडे वळून फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाले. मला ओ की ठो कळलं नाही. शेजारच्या बाईंनी इंग्रजीत सांगितलं, 'ते विचारतायत, तुम्ही कुणाच्या?' म्हणजे वडील कोण, घराणं कुठलं. तिथे नव्या माणसाला हा प्रश्न पहिला असतो म्हणे.

खाडीपलीकडे

आमच्याकडे मालवणात पण पहिला प्रश्न हाच. 'तुमी खंयचे?' मग काय सांगितलंत?

ओसरी

मी ह्यूस्टन म्हणणार होते. लेक आधीच बोलून गेला: 'सातारा.' तो साताऱ्याला आजवर दोनदा गेलाय. आजोबांनी मान डोलावली, जणू साताऱ्याची माणसं त्यांच्या ओळखीतलीच, आणि पुढचा वॉल्ट्झ सुरू केला.